वीतभर चकचकीत तार

१

सहादूचं काहीतरी झालंय हे पहिल्यांदा त्याच्या कुत्रीला कळलं. ती रात्रभर केकाटत होती. पण प्रवरेकाठच्या त्या मळ्यांमध्ये घरं इतकी लांब लांब, की कुणाचं कुत्रं कशासाठी ओरडतंय हे बघायला उठणार कोण? उजाडल्यावर चांगुणाबाई विळा घेऊन घास कापायला निघाली आणि बांधाजवळ येते तर काय, सहादू बसलेला. म्हणजे तिला तसं वाटलं.

"काय सहादूबाबा, आज एवढ्या सकाळी?" असं तिनं विचारलंसुद्धा. मग तिला त्याचा हात दिसला. हात समोरच्या तारेवर होता आणि बोटं काळी पडली होती.

जीप आली तेव्हा बांधावर गर्दी होती, पण सहादूच्या जवळ कुणीच नव्हतं. सगळे लांब, अर्धा गोल करून उभे. ते पाहत फौजदार राजनंदिनी जीपमधून उतरली. ही तिची पहिलीच नेमणूक. ती अकोल्याची. तसं सांगितलं की इकडचे लोक खूश होऊन म्हणत, "मग काय, भंडारदऱ्याच्या अलीकडंच की." मग तिला सांगावं लागे, की ते अकोले नाही, दुसरं अकोला, लांबचं. हल्ली तिनं सांगणंच सोडून दिलं होतं. भाड्याच्या खोलीत गेल्यावर बोलायला कुणी नसे, म्हणून ती स्वयंपाक करताना कुकरशी बोले.

"तार कुणाची?" तिनं विचारलं.

"अजिनाथची," हवालदार बजरंग म्हणाले. "त्याच्या मक्याला रानडुकरं येतात. मोटारीच्या खोलीत बटन हाय. दिवेलागणीला दाबायचं, सकाळी बंद करायचं. बेकायदा हाय मॅडम, पन निम्म्या शिवारात हेच चाललंय."

"आणि सहादू?"

"ह्या बाजूचं वावर त्याचं. बायको न्हाई, पोर न्हाई. दोघांचा बांधावरनं वाद. देवीपुढं बेलभंडार उचलून शपथ घेतली हुती, एकमेकांशी बोलायचं न्हाई म्हनून. वीस वर्षं झाली आसतील, शब्द न्हाई बोलले."

राजनंदिनी खाली वाकली. बांधाला पाणी सुटलेलं, माती ओली. तार जुनी, तांबेरलेली, हात लावला तर गंज बोटाला लागेल अशी. पण सहादूचा हात जिथं होता तिथं? तिथं वीतभर तार चकचकीत होती. पांढरी, नवी कोरी.

"घासलीय," पाठीमागून कुणीतरी म्हणालं. पांढरा शर्ट घातलेला माणूस पुढं आला. सहादूचा पुतण्या रंगनाथ. सोनईला त्याचं भुसाराचं दुकान होतं. "बगा मॅडम, बरूबर तेवढीच तार घासलीय. करंट चांगला बसावा म्हनून. हा खून हाय."

तेवढ्यात मक्याच्या कडेनं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेला म्हातारा चाचपडत आला. सहादूकडं न बघता तो राजनंदिनीपुढं उभा राहिला.

"व्हय," अजिनाथ म्हणाला. "मीच मारलं त्याला."

२

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग. कबुली आहे, वैर आहे, तार आहे. ठाण्यातले मोठे साहेबही तेच म्हणाले. "मॅडम, नशीबवान आहात. पहिलाच खून आणि आयता." त्यांनी चहा मागवला आणि विषय संपवला.

राजनंदिनीला मात्र चहा गोड लागेना.

"बजरंगराव, मेला एकच माणूस," ती म्हणाली. "पण त्याच्या मरणाला कायद्यात तीन पायऱ्या आहेत. मारायचंच म्हणून मारलं, तर कलम एकशे तीन. खून. जन्मठेप, नाहीतर फाशी."

"आमच्या डोक्यात आजून तीनशे दोनच बसलंय," बजरंग म्हणाले.

"नव्या कायद्यात नंबर बदलले, पायऱ्या त्याच. आता दुसरी. मारायचं मनात नव्हतं, पण यानं माणूस मरू शकतो हे पक्कं ठाऊक होतं आणि तरी केलं. एकशे पाच, सदोष मनुष्यवध. दहा वर्षांपर्यंत. तिसरी, मनातही नव्हतं, ठाऊकही नव्हतं, नुसता निष्काळजीपणा. एकशे सहा. पाच वर्षांपर्यंत."

"मेलेल्याला काय, तिन्ही सारखंच."

"त्याला सारखंच. पण पायरी मेलेला नाही ठरवत. मारणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी काय होतं, त्यावर ठरते."

"मंग सोपं हाय की. डोक्यात काय हुतं ते त्यानं सोताच सांगितलंय."

हो, सांगितलं होतं. पण राजनंदिनीनं शाळेत असताना गणिताच्या पेपरात पाहिलं होतं, एखादी मुलगी पायऱ्या न लिहिता नुसतं उत्तर लिहायची आणि उत्तर बरोबरही यायचं. बाई विचारायच्या, कुणाचं बघितलंस? अजिनाथचं उत्तर तसं होतं. एवढं मोठं उत्तर, आणि पायऱ्याच नाहीत. का मारलं, तर बांधावरनं. वीस वर्षं थांबून मग कालच का? तर म्हणे, "मन झालं."

कोठडीत तो भिंतीकडं तोंड करून बसला होता. रडत नव्हता. भाकरी तशीच पडली होती.

"कसं मारलंत, एकदा नीट सांगा."

"मोटारीच्या खोलीत उभा हुतो. त्यो बांधावर येताना दिसला. बटन दाबलं."

"दिसला?"

"दिसला."

राजनंदिनीनं त्याच्या हिरव्या पट्टीकडं पाहिलं आणि जीपची किल्ली मागवली.

३

आधी चांगुणाबाई. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. एक शेंग टोपलीत, एक तोंडात.

"अजिनाथ नगरला डोळ्याच्या दवाखान्यात हुता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं आपरेशन झालं, दुसऱ्याचं हुयाचंय. परवा आला माघारी. तवर त्याचा पोरगा हुता मळ्यात, प्रशांत. सुप्याच्या कंपनीत अस्तो."

"सहादू कधी काही बोलला होता अजिनाथबद्दल?"

"त्यो कुनाबद्दलच बोलायचा न्हाई, बाई. लई येकटा मानूस. मीच आपली जाता येता हाक मारायची." तिनं आणखी एक शेंग फोडली. "हां, परवा मातूर बोलला. मी म्हनलं अजिनाथ आला दवाखान्यातनं. तर म्हनतो कसा, त्याचा डोळा कसा हाय?"

"मग?"

"मंग काय. फुटला का, आसं इचारत असंल. वैरी ना त्यो."

ते वाक्य राजनंदिनीनं दोनदा मनात म्हणून पाहिलं. त्याचा डोळा कसा आहे. कुणी तिच्याबद्दल असं विचारलेलं तिला या गावात आल्यापासून आठवत नव्हतं.

मग रंगनाथ. तो सहादूच्या खोपीसमोर मोबाईलवर बोलत उभा होता आणि जमिनीकडं अशा नजरेनं बघत होता, की मापं घेतोय असं वाटावं.

"मॅडम, एकशे तीनच लावा. खाली येऊ नका. आमच्या घराण्याच्या इज्जतीचा सवाल हाय."

"काकांना शेवटचं कधी भेटला होता?"

"दिवाळीला."

"मागच्या?"

रंगनाथनं मोबाईल खिशात घातला. "त्याच्या आदल्या."

"काल संध्याकाळी कुठं होता?"

"दुकानात. गिऱ्हाइकं हुती, इचारा." तो चिडला होता. "माझ्यावर संशय घेता व्हय? आन् ती तार कुनी घासली मंग?"

प्रश्न खरा होता. तार घासली असेल, तर कुणीतरी सहादूची वाट बघत होतं. आणि मग अजिनाथ खोटं बोलत नव्हता.

४

मोटारीची खोली म्हणजे पत्र्याची एवढीशी. राजनंदिनी आत बटणापाशी उभी राहिली.

"बजरंगराव, तुम्ही बांधावर जा. सहादू होता तिथंच उभे राहा आणि हात वर करा."

बजरंग गेले. ती दारातून बघत राहिली. समोर मका, डोक्याच्याही वर गेलेला, हिरवागार, गच्च. वाऱ्यानं पानं सळसळत होती.

"केला का हात वर?" तिनं ओरडून विचारलं.

"दुखायला लागला," लांबून आवाज आला.

तिला ना हात दिसत होता, ना बजरंग. तिचे दोन्ही डोळे धडधाकट, भर दुपार, आणि तरी मक्यापलीकडं काही म्हणता काही दिसत नव्हतं. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यात मोतीबिंदू असलेल्या म्हाताऱ्याला तिन्हीसांजेला सहादू दिसला?

म्हणजे अजिनाथ खोटं बोलत होता. लोक शिक्षा कमी व्हावी म्हणून खोटं बोलतात. हा बाबा शिक्षा वाढावी म्हणून बोलत होता. कुणीतरी सगळ्यांत वरच्या पायरीवर स्वतःहून जाऊन उभं राहतं, ते कशासाठी? खालच्या पायरीवर दुसरं कुणीतरी असतं म्हणून.

ती बांधावर आली. ऊन चटकत होतं. घाम पुसायला तिनं घड्याळ काढलं, आणि मनगटाकडं बघतच राहिली. इथल्या उन्हानं तिचा हात कोपरापासून बोटांपर्यंत रापला होता. फक्त पट्ट्याखालची कातडी गोरी, घरून निघाली तेव्हा होती तशीच.

ती पटकन खाली बसली आणि तारेला अगदी डोळे लावले. घासलेल्या तारेवर ओरखडे हवेत. भांडं घासलं तरी रेघा राहतात. इथं एक ओरखडा नव्हता. तार गुळगुळीत होती, वरचा चांदीसारखा मुलामा जसाच्या तसा. खाली गंजाची पूडही नव्हती.

"बजरंगराव, ही तार कुणी घासलेली नाही."

"मंग?"

"झाकलेली होती. खूप दिवस. एवढी वीतभर तारच तेवढी पावसापाण्यापासून वाचली."

"झाकून कोन ठेवील? आन् का?"

ती जमिनीकडं बघत होती. सकाळी गर्दीच्या पायांखाली जे दिसलं नव्हतं, ते आता दिसत होतं. सहादूच्या खोपीपासून एक बारीक पायवाट निघाली होती, गवत दबून दबून मेलेलं, आणि ती सरळ येऊन तारेपाशी थांबली होती. तारेच्या पलीकडं, अजिनाथच्या बाजूनं, मक्याच्या कडेकडेनं आणखी एक वाट. तीही तारेपाशी येऊन थांबलेली.

दोन्हीकडं एक एक दगड होता. बसून बसून गुळगुळीत झालेला.

५

प्रशांत घरासमोर उकिडवा बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. राजनंदिनीला बघून तो धडपडत उठला.

"मॅडम, बाबांनी नाही केलं हे. वैर होतं, पण बाबा असे नाहीत. ते माझ्याशीही बोलत नाहीत, मान खाली घालून जेवतात. बटण तर ते रोजच दाबतात. दिसला म्हणून दाबलं, हे खोटं आहे."

"मलाही तसंच वाटतंय. मला सांग, बाबा दवाखान्यात असताना तू तारेला काही केलंस?"

"हो, सगळी नीट केली. ढिली पडली होती. डुकरं रोज आत यायची." उपयोगी पडतोय म्हणून तो भराभर सांगू लागला. "बाबांना नीट दिसत नाही ना, काहीतरीच करून ठेवलं होतं. बरोब्बर डुकरांच्या वाटेवरच तारेवर ठिबकची नळी चिरून घातलेली, वर चिंध्या बांधलेल्या. आता तिथंच झाकली तर तारेचा उपयोग काय? पकडीनं कापली आणि टाकून दिली."

"बाबांना सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं?"

"कुठं टाकलीस?"

नळी बांधालगतच्या मक्यात सापडली. काळी, वीतभर, पोटातून चिरलेली. चिंध्या धोतराच्या होत्या, आणि गाठी अशा निगुतीनं मारलेल्या, जशी कुणी लहान मुलाच्या बोटाला पट्टी बांधावी.

"मॅडम, नळीचं काय एवढं?" प्रशांतनं विचारलं.

राजनंदिनीला वाटलं, हे आपण सांगू नये. दुसऱ्या कुणीतरी सांगावं. पण तिथं दुसरं कुणी नव्हतं. बजरंग मुद्दाम लांब जाऊन उभे होते.

"तुला डुकरांची वाट कशावरून वाटली?"

"गवत तुडवलेलं होतं."

"डुकराची वाट मक्यात शिरते, प्रशांत. ही वाट तारेपाशी थांबते. ती माणसाची आहे."

त्यानं आधी वाटेकडं पाहिलं. मग दगडाकडं. मग दुसऱ्या दगडाकडं. आणि तो हळूहळू खाली बसला.

६

ठाण्यात तिनं नळी टेबलावर ठेवली. अजिनाथला ती नीट दिसली नसावी. त्यानं हात पुढं केला, बोटांनी गाठी चाचपल्या, आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"ही तुम्ही बांधली होती," राजनंदिनी म्हणाली. "पलीकडून हात पुढं येतो, त्याला धोका नको म्हणून. ज्याला मारायचं असतं त्याच्यासाठी कुणी धोतर फाडत नाही."

"मीच मारलंय. लिवा तुमी."

"तुमच्या मनात मारायचं नव्हतं. तो येणार हे तुम्हाला ठाऊक होतं, पण नळी जागेवर आहे असं तुम्ही धरून चालला होता. डोळ्याला दिसलं नाही. नळी निघालीय हे प्रशांतला ठाऊक होतं, पण तिथं माणूस येतो हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. अर्धं तुमच्या डोक्यात, अर्धं त्याच्या. खून व्हायला ते एका डोक्यात लागतं."

"पोराला मधी आनू नका." त्याचा आवाज पहिल्यांदा हलला. "मी म्हातारा हाय. मला काय फाशी, काय घर. त्याचं आजून लगीन न्हाई झालं. काल बटन दाबून डोळ्यापायी मी घरीच पडून हुतो, बांधावर गेलोच न्हाई. त्यानं नळी काडली हे मला सकाळीच कळलं, सहादूचा हात कुटं हुता ते लोक बोलायला लागले तवाच."

"पायऱ्या सांगते, बाबा, ऐका. तुम्ही दोघंही सुटणार नाही. तारेत करंट सोडणं हा निष्काळजीपणाच, आणि त्यात माणूस गेला. दोघांवर एकशे सहा लागेल, विजेच्या कायद्याचं वेगळं. कोर्ट काय म्हणेल ते कोर्टाचं. पण माझ्या कागदात खून नसेल. तुम्ही म्हणता तसं लिहिलं, तर सहादू तुमचा वैरी म्हणून जाईल. कायमचा."

"त्यो माझा वैरी नव्हता."

"मग कोण होता?"

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल चालू होईना, किका मारणं चाललं होतं. ते थांबल्यावर अजिनाथनं पुन्हा नळी चाचपली.

"काय म्हनायचं त्याला," तो म्हणाला. "नाव न्हाई त्याला काई. बोलत नव्हतो आमी. बेलभंडार उचलला हुता, त्यो कसा मोडायचा? नुसतं बसायचो. त्यो त्याच्या अंगाला, मी माझ्या. तंबाकूची चंची तारेवरनं इकडनं तिकडं जायाची. त्यो पुडं वाकताना तारेला हात टेकायचा, गुडघं धरल्यालं हुतं त्याचं. म्हनून नळी. दिवस मावळायचा, अंदार पडायचा, मंग उटून जायाचं आपापल्या घरी."

"गावात कुणालाच माहीत नव्हतं?"

"गावाला काय सांगायचं. शपथ मोडली म्हनले असते. आन् मोडली तर नव्हतीच."

दारात प्रशांत उभा होता. तिनंच बजरंगना त्याला आणायला सांगितलं होतं, पण तो कधीपासून उभा होता ते तिला कळलं नाही. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"बाबा, मला सांगायचं ना तुम्ही."

अजिनाथनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "काय सांगायचं? मानूस येऊन बसतो, हे काय सांगायचं अस्तं व्हय?"

"मी रविवारी फोन करायचो. तुम्ही म्हणायचा, बरं हाय. आणि ठेवून द्यायचा."

"बरंच हुतं की."

दोघंही गप्प झाले. राजनंदिनीला हा गप्पपणा ओळखीचा होता. तिच्या खोलीत संध्याकाळी तोच भरून राहायचा, दिवा लावला तरी जायचा नाही. रविवारी आईचा फोन आला की तीही हेच म्हणायची, बरं आहे.

बजरंग आत डोकावले. "मॅडम, गाडी लावलीय. दोघांना कोर्टात न्यायचंय, उशीर होतोय."

"थांबू द्या गाडी," ती म्हणाली.

तिनं खुर्ची ओढून अजिनाथच्या शेजारी ठेवली आणि प्रशांतला खूण केली. तो बसला. बापाचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागला, तसा अजिनाथ थोडा दचकला, पण सरकला नाही.

"आता सांगा," प्रशांत म्हणाला. "सुरुवातीपासून सांगा."

अजिनाथनं ओठ ओले केले. इतक्या वर्षांत या विषयावर त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता, त्यामुळं सुरुवात कुठून करायची हेच त्याला कळेना. मग तो हळूच म्हणाला, "तुजी आई गेली तवा तू दहावा करून कंपनीत गेलास. पावनेबी गेले. संध्याकाळी मी येकटाच वावराच्या कडंला जाऊन बसलो हुतो. चूल पेटवायची ती कुनी, मला काई समजंना. तवा त्याच्या अंगाकडनं खाकरल्याचा आवाज आला."